ताईंचे डोळे मिटलेलेच राहिले

शालिनीताईंचा आणि माझा परिचय माझ्या पहिल्या कथेमुळे झाला. विंचूरहून कथा घेऊन मी त्यांच्या पंचवटीतल्या घरी गेलो होतो. ताई कुणाचंही लेखन हातात घेत नाहीत. लिहिणाऱ्याने समोर बसून वाचायचं, ताईंनी डोळे मिटून ऐकायचं. जिथे खोटं वाटेल तिथे त्या डोळे उघडतात. बस्स, एवढीच त्यांची शिकवण्याची रीत. नाशकातले निम्मे लिहिणारे त्या डोळ्यांना टरकून असतात.

बहिणीच्या पाठवणीला बाप ढसाढसा रडतो, असं मी वाचलं. डोळे उघडले.

“तुझे वडील रडले होते?”

“नाही. मांडववाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होते.”

“मग भांडू दे की त्यांना! तू कशाला रडवतोस?”

मी भांडू दिलं. ती कथा लोकांना अजून आठवते.

स्वतःच्या लेखनाबाबत ताई याहून कडक. एकदा त्यांनी कादंबरीचं प्रकरण वाचलं, आम्ही ‘वा वा’ केलं. “वा वा येतंय म्हणजे मी मिरवलेय इथे,” म्हणाल्या आणि ते प्रकरणच काढून टाकलं. आमचा जीव हळहळला, पण बोलणार कोण?

माणूस म्हणून मात्र फार मऊ. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा ताई मऊ भाताचा डबा घेऊन आल्या. मला धास्ती, की आता ‘लिहितोस ना?’ विचारणार. त्यांनी तो विषयच काढला नाही. पत्नीची वेणी घातली आणि गेल्या.

मागच्या महिन्यात मी त्यांना नवी कथा वाचून दाखवली. ताईंचे डोळे शेवटपर्यंत मिटलेलेच राहिले. “छान,” म्हणाल्या. छान? ताई? कथा खरंच साधली, की ताईंना ऐकू आलं नाही? हल्ली दारावरची बेलही त्यांना ऐकू जात नाही. विचारायचं कसं? झोप उडाली माझी.

शेवटी ताईंच्या पंचाहत्तरीसाठी लिहिलेला हाच लेख घेऊन गेलो. मुद्दाम एक वाक्य घातलं होतं: ‘ताई म्हणजे साहित्याचा दीपस्तंभ.’ वाचलं. डोळे मिटलेलेच. देवा रे! मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या कानाशी बसलो आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

डोळे खाडकन उघडले. “हा काय भंपकपणा?”

मला हसूही येईना, रडूही येईना. ताईंनी आधी ओढलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं.

“हे सगळं लेखात लिही,” त्या म्हणाल्या. “खरं आहे ते.” मग आवाज खाली आला. “तुझी मागची गोष्ट मला अर्धी ऐकूच आली नव्हती रे. लाज वाटली, म्हणून छान म्हटलं. उद्या ये. असाच जवळ बसून वाच.”

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. उद्या मी जाणार आहे. हातपाय आत्ताच गार पडलेत, आणि ते तसे पुढची पंचवीस वर्षं पडत राहावेत, एवढंच माझं मागणं आहे.