न लागलेल्या लॉटरीच्या वाटण्या

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'शेठ' म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या, ग्रीसने काळवंडलेली नखं घेऊन घरी येणाऱ्या माणसाला शेठ का म्हणायचं? तर दर शुक्रवारी दुपारचा डबा खाऊन झाला की हे सरकारी लॉटरीचं तिकीट काढतात. एकच काढतात. ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात आणि मग संध्याकाळपर्यंत असे चालतात, जणू खिशात अंडं आहे.

एरवी ह्यांच्याइतका सावध माणूस शोधून सापडायचा नाही. लिफ्टचा दोर तपासताना तार अन् तार बोटांनी चाचपतात. एक दोर वजन पेलत असला तरी बाकीचेही तितकेच धड हवेत, म्हणून इमारतीच्या मालकांशी वाद घालतात. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते मी बघते, मग हे बघतात, मग मला पुन्हा बघायला लावतात.

मी संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले. लग्नानंतर पहिलं तिकीट पाहिलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन ह्यांना समोर बसवलं आणि बक्षीस लागण्याची शक्यता किती, ते मांडून दाखवलं. ह्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे शक्यता आहे," हे म्हणाले.

"अहो, नाही म्हणण्याइतकीच आहे."

"नाही आणि नाही म्हणण्याइतकी, यात फरक असतो. शिकलीयस ना तू?"

सरकार लॉटरी चालवतं, म्हणजे ती खोटी नाही, आणि पैसा जातो तो रस्त्यापुलांत जातो, हा ह्यांचा दुसरा मुद्दा. नदीवरच्या नव्या पुलावरून जाताना हे एका खांबाकडे अशा नजरेने बघतात की तो ह्यांच्या नावावर आहे असं वाटावं.

एकदा मी विचारलं, "लाखो वेळांत एकदाच धरेल, अशा दोरावर तुम्ही लिफ्ट टांगाल का?"

"काहीतरीच. लिफ्टमध्ये माणसं असतात. तिकिटात कोण बसलंय?"

"आपण सगळे बसलोय," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. तिकिटाचे पैसे फार नव्हेत, चहाच्या दोन कपांत भागेल असं ते व्यसन. पण कपाटाचं दार कित्येक दिवस एका बिजागरीवर लोंबतंय. जगाच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस त्याला हात लावत नाही. का? तर "नव्या घरात भिंतीतलंच कपाट करू." मोरीची फुटकी फरशी, हलणारी खुर्ची, सगळं नव्या घरात.

त्याहून थोर गोष्ट म्हणजे वाटण्या. बक्षीस लागलं तर कोणाला किती, हे ह्यांनी रुपयाचे सोळा आणे धरून ठरवून टाकलं होतं. घराला पाच, मला चार, लेकीला दोन, थोरल्या बहिणीला तीन, धाकट्या भावाला दोन. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी म्हणायची. पण भट आणि भटणीपर्यंत गोष्ट राहिली असती तर बरं होतं.

यंदा धाकट्या दिरांना जुळं झालं. ह्यांना वाटलं, आता त्याच्या घरात तोंडं वाढली, त्याला एक आणा जास्त हवा. म्हणून बहिणीचा एक काढून भावाला दिला. मनातल्या मनात केलेली वाटणी मनातच ठेवायची की नाही? पण लिफ्टचा एक स्क्रू बदलला तरी मालकाला कळवायची ह्यांची सवय. ह्यांनी वन्संना फोन केला आणि सांगितलं, "ताई, तुझे तिनाचे दोन केलेत. मनात काही ठेवू नकोस."

वन्संनी फोन ठेवला आणि नंतर उचलायचंच बंद केलं.

मी हसले असते. पण त्याच महिन्यात आमच्या लेकीला डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, वन्संच्याच शहरात, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ती वन्संकडे राहणार हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं. मी त्या भरवशावर निर्धास्त होते. म्हणजे, मी जितकी निर्धास्त असू शकते तितकी. वसतिगृहाच्या नुसत्या कल्पनेने मला रात्री जाग यायची. लेक म्हणायची, "आई, तिथे शंभर मुली राहतात." मला त्या शंभरांचीही काळजी वाटायची.

शेवटी मी शेजारणीच्या फोनवरून वन्संना गाठलं.

"वन्सं, लेकीची खोली तयार ठेवाल ना?"

"माझ्याकडे कुठली खोली? धाकट्याकडे ठेवा. तो तीन आण्यांचा धनी. मी दोन आण्यांची बाई."

धाकट्या दिरांकडे दीड खोली, आणि त्यात जुळं.

पुढच्याच शुक्रवारी रजा टाकून आम्ही दोघं सकाळच्या बसने निघालो. वन्सं पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत होत्या. सगळीकडे निळं कापड, खडूचे तुकडे, काजाचे धागे. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "या. बसा." सख्ख्या भावाला 'बसा'. हे खुर्चीच्या कडेवर टेकले.

"ताई, रागावलीस?"

"मी कोण रागावणार? तुम्ही शेठ."

"अगं, लॉटरी अजून लागलेली नाही."

"लागली नाही तेव्हा ही तऱ्हा. लागल्यावर ओळख तरी द्याल का?"

मी पदराच्या टोकाने ओठ पुसले, म्हणजे हसू पुसलं. पण वन्संनी मशीन थांबवलं.

"तुझ्या लिफ्टच्या कोर्सची फी मी ब्लाउज शिवून भरली. तेव्हा धाकट्याला किती आणि तुला किती, असं केलं नव्हतं. मला तुझा पैसा नको रे. पण कमी करायचं ठरलं की पहिली मीच बरी आठवते सगळ्यांना."

हे मान खाली घालून कापडाची चिंधी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुझे तीन तुला परत."

"कोणाच्या ताटातले? त्या तान्ह्या लेकरांच्या तोंडचं काढू नकोस हं."

घराच्या पाच आण्यांना हात लावायचा नव्हता. लेकीचे कमी करायला मी तयार नव्हते. बहीण-भावाने एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"माझ्यातला घ्या," मी म्हटलं. "चारातला एक."

काय जात होतं माझं? शून्यातला एक हिस्सा. पण त्या चार आण्यांत मी कधी एक खोली बांधून ठेवली होती, ते मलाच ठाऊक नव्हतं. दार लावून घेता येईल अशी, लिहायला टेबल असलेली. आता तिची एक भिंत पुढे सरकली आणि खिडकीपाशी टेबल मावेना.

"मनापासून देतेयस?" वन्संनी विचारलं.

"मनापासून," मी म्हटलं. आवाज जरा कोरडा आला असावा.

वन्सं उठल्या. मागच्या खोलीतले कापडाचे गठ्ठे त्यांनी स्वतः हलवले, पलंग दाखवला. मी कडी लावून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं. चहा झाला. भाऊ पुन्हा 'अरे' झाला. आणि मग वन्संनी हात पुढे केला. "दाखव बघू आजचं तिकीट."

ह्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. दुपार आम्ही बसमध्ये काढली होती.

"आज राहिलंच की गं."

"मग हे तीन आणे कशातले?" वन्संची नजर हलवलेल्या गठ्ठ्यांकडे वळली.

हे चपला शोधत होते, तोवर मी रस्त्यावर पोचलेही होते. नाक्यावर लॉटरीची खिडकी होती. मी रांगेत उभी राहिले, पदवी आणि पर्स दोन्ही सांभाळत. खिडकीतल्या बाईंनी दोन-चार तिकिटं पुढे सरकवली. सगळे नंबर सारखेच असतात, हे मला त्या रांगेत सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. तरी शेवटी शून्य असलेलं मी परत केलं.

परत येऊन तिकीट वन्संच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि मशीनच्या खणात ठेवलं.

हे म्हणाले, "तिकीट हिने काढलं, तर हिचा आणा हिला परत मिळायला हवा."

"मिळू दे की," वन्सं म्हणाल्या. "माझ्यातून नको."

त्या तिकिटाचा शेवटचा आकडासुद्धा जुळला नाही. लेक मात्र वन्संकडे राहते, त्यांचं दोरा ओवायचं काम करते आणि माझ्या प्रत्येक फोनला "जेवले, आई" एवढंच म्हणते. परवा तिनेच फोन केला. हळू आवाजात म्हणाली, "आत्या विचारतेय, मी नोकरीला लागले आणि तिकीट काढायला लागले, तर तिला किती आणे देईन. काय सांगू?"

"मागतील तेवढे दे," मी म्हटलं. "निदान परीक्षा होईपर्यंत तरी घासाघीस करू नकोस."