लासुर्ण्याच्या थांब्यावरची पाच मिनिटं

बारामती-इंदापूर फेरीवर मी कंडक्टर. सत्तेचाळिसावं सरता सरता लघवीचं हे दुखणं सुरू झालं. लागली की लागलीच, थांब म्हणायची सोय नाही. आत्ता जाऊन आलेली असायचे आणि बेल मारून गाडी हलली की पुन्हा कळ. मग मी पाणीच तोडलं. सकाळी दोन घोट, डब्याबरोबर दोन. त्यानं जळजळ तेवढी वाढली.

एकदा लासुर्ण्याच्या अलीकडे, भरल्या गाडीत, कपड्यातच झाली. तिकिटांची बॅग पुढं ओढून मी इंदापूरपर्यंत दारापाशी उभी राहिले. एका मावशीनं सरकून जागा दिली, तर मी नको म्हणाले.

गाडी रिकामी झाल्यावर आमचे ड्रायव्हर, रिटायर व्हायला वर्ष राहिलेले तात्या, समोर बघतच म्हणाले, "बाई, आमच्या घरात बी हाय हे. दडवून भागत न्हाय. बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं जावा."

"व्हय तात्या," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "जंतू नाहीत, खडा नाही. मूत्राशयाला घाईची सवय लागलीय. ऑपरेशन नको, सवय मोडायची."

किती वाजता गेले ते वहीत लिहायचं. कळ आली की पळायचं नाही, खालचे स्नायू आवळून उभं राहायचं, ती ओसरली की जायचं. दर आठवड्याला अंतर थोडं वाढवायचं. चहा चारावरून एकावर. पाणी मात्र प्यायचं.

मला गोळी हवी होती, गिळली की संपलं अशी. घरचं काम, गाडीचं काम, त्यात आता हे. पहिल्या महिन्यात ती वही दोनदा फेकून दिली आणि दोनदा उचलून आणली.

तात्या लासुर्ण्याला गाडी बंद करायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "पाच मिन्टं. पाय आखडल्यात माझं." थांब्यामागच्या दुकानवालीनं तिचा संडास मला वापरायला दिला होता.

चार-पाच महिन्यांनी फरक पडला. पूर्ण बरं नाही. थंडीत त्रास होतोच. पण बहुतेक दिवशी इंदापूरपर्यंत निभतं. सतत स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवायचा शीण मात्र जात नाही.

तात्या रिटायर झाले. नवे ड्रायव्हर आले, माझ्याच वयाचे, अबोल. पहिल्या दिवशी गाडी सुटायच्या आधी मीच सांगितलं, "मला लघवीचा त्रास हाय. कधी लासुर्ण्याला पाच मिनिटं थांबावं लागंल."

"थांबू की," ते म्हणाले आणि काच पुसायला लागले.