शालीतल्या दोन बाटल्या

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा आहे. सूक्ष्मदर्शकावर मात्र तो कधी बसला नाही. माझ्या मुलीने, रिबेकाने, बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा मी चर्चमध्ये सगळ्यांना "डॉक्टरकीसारखंच काहीतरी शिकते" असं सांगत फिरले, कारण ती नेमकं काय शिकते हे मलाच कळलं नव्हतं. पण शेवटच्या वर्षाला तिने सांगितलं की पुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत जायचंय, पाण्यातल्या जंतूंवर संशोधन करायचंय, आणि माझी झोप उडाली. पोर लांब जाणार ही भीती होतीच. खरी भीती मात्र वेगळी होती, आणि ती सांगायची लाज वाटत होती. सगळं तपासून बघायची सवय लागलेली ही मुलगी एक दिवस देवालाही काचपट्टीवर ठेवेल आणि म्हणेल, "आई, इथं तर काहीच दिसत नाही." मग मी काय उत्तर देणार?

नवऱ्याला विचारून काही उपयोग नव्हता. ते ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत. "तू अन् देव मिळून ठरवा," ते म्हणाले, "मले गाड्या सोडाच्या आहेत." तेव्हा मी रिबेकाला सांगितलं की युवक शिबिर आटोपू दे, मग हो की नाही ते सांगते. "तू नाही म्हटलं तर नाही जाणार मी," ती म्हणाली आणि कामाला लागली. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट सगळं ओझं माझ्याच डोक्यावर येऊन बसलं.

आता माझी एक जुनी खोड सांगते. मला देवाकडे खूण मागायची सवय आहे. लग्न ठरताना मी मनात म्हटलं होतं, मुलगा पोह्यांतली मिरची बाजूला काढेल तर नको. यांनी मिरची चावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी मी भक्तीचं समजले. तरीही खोड गेली नाही.

शिबिर नाताळानंतरच्या थंडीत, पारशिवनीकडच्या एका गावात होतं. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आपलं शेतातलं मोठं शेड मोकळं करून दिलं होतं. ते कुटुंब काही ख्रिस्ती नव्हतं. पण "लेकरं येतात, भजनं म्हणतात, चांगलंच आहे ना" असं म्हणणारी ती माणसं. रिबेका शिबिराची लीडर होती आणि मी स्वयंपाकाची प्रमुख, म्हणजे आमच्या घरी असते त्याच्या अगदी उलट व्यवस्था: ती हुकूम सोडणार आणि मी ऐकणार. तिचा पहिला हुकूम निघाला तो पाण्याचा. विहिरीचं पाणी तपासून होईपर्यंत सगळ्यांनी उकळलेलंच प्यायचं. विहीर यजमानांचा अभिमान होती, आणि पाणी खरोखर गोड होतं. त्यात आमच्या उकळलेल्या पाण्याला धुराचा वास. संध्याकाळपर्यंत पोरांनी तिचं नाव ‘गरम पाण्याची लीडर’ ठेवलं. आमच्या चर्चमधले ज्येष्ठ, सॅमसन अंकल, पेला नाकाशी नेऊन म्हणाले, "काहून वं पोरी, प्रार्थना करून प्यालेलं पाणी कधी बाधते का?" ती नुसती हसली. मला मात्र तिच्या वाटचं शरमल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी तिने दोन छोट्या बाटल्या माझ्या हातात दिल्या. आत पिवळसर पाणी, आणि त्यात औषध लावलेल्या कागदाची भिजलेली पट्टी. पाण्यात घाण असेल तर एखाद्या दिवसात ते काळं पडतं, पण त्यासाठी ऊब लागते, आणि बाहेर तर दात वाजत होते. "शालीत, अंगाशी धरून ठेव आई," ती म्हणाली. "तुझ्याएवढं गरम इथं काहीच नाही." माझ्या जाडीचं असं शास्त्रीय कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं. दोन बाटल्या कशाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, एक फुटली तर दुसरी असावी.

आणि तिथेच माझी खोड जागी झाली. मी देवाला म्हटलं, प्रभू, बाटली काळी पडली तर मी समजेन की तिने त्या वाटेला जाऊ नये. तशीच राहिली तर जाऊ देईन. हे कबूल करायला हवं की मला काळीच हवी होती. म्हणून मी इतक्या निष्ठेने ऊब दिली की कोंबडीनेही तोंडात बोट घालावं. भजनाला टाळ्या वाजवल्या नाहीत. झोपेत कूस बदलली नाही. पोळ्या लाटायला दुसऱ्या बायकांना बसवलं. "तुले थंडी लागून राहिली का?" असं जो तो विचारी, आणि मी शाल आणखी घट्ट ओढून घेई. देवाचं उत्तर अंगाशी धरलंय असं मला वाटत होतं. खरं तर माझंच उत्तर मी शिजवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर रिबेका मला शेडमागे घेऊन गेली. शाल उघडण्याआधी तिने डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "प्रभू, जे असेल ते नीट दिसू दे." मी चमकलेच. मी आदल्या संध्याकाळपासून देवाशी सौदा करत होते, आणि जिच्या श्रद्धेची मला काळजी, ती एवढंच मागत होती. मी बाटल्या काढल्या. एक शाईसारखी काळी होती. दुसरी होती तशीच, पिवळसर.

आता यातून मी काय समजायचं? माझ्या खुणेत दोन बाटल्यांची सोयच नव्हती. "ही विहिरीची," रिबेकाने काळीवर बोट ठेवलं, "अन् ही त्याच विहिरीची, पण उकळलेली. एकच ठेवली असती तर पाण्यानं काळी झाली का आणखी कशानं, कसं कळलं असतं? दोघींना तुझी ऊब सारखीच मिळाली ना." सारखीच मिळाली होती. माझी सगळी निष्ठा, सगळं कूस न बदलणं, त्या दुसऱ्या बाटलीचं काहीही करू शकलं नव्हतं.

मला वाटलं, आता ही शेडमध्ये जाऊन सगळ्यांसमोर बाटली नाचवेल. मी असते तर सॅमसन अंकलच्या नाकाशीच धरली असती. ती आधी यजमानांच्या घरी गेली. ज्याची विहीर, त्यालाच आधी सांगायचं, म्हणाली. मी मागे मागे. अंगणात घरचे म्हातारे आजोबा बसले होते, आणि त्यांची सून वनिता, कडेवर वर्षाचं पोर. पोर नुसतं हाडाचं, डोळे तेवढे मोठे. रिबेका खाली बसली. "आजोबा, पाणी तुमचं गोडच आहे," ती म्हणाली, "पण गोठ्याचं पाणी उतरून विहिरीत मुरून राहिलं वाटते. उकळून पिलं तर काही भीती नाही. हे पाहा."

म्हाताऱ्यांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या. त्यांना राग येईल म्हणून मी माफीच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होते. त्यांनी बाटल्या सुनेपुढे धरल्या. बोलली ती वनिता.

"याचं पोट सारखं जाते वं ताई," ती मला म्हणाली. "दवाखाना केला, अंगारा केला, नजर उतरवली. दात येऊन राहिले म्हणून सांगते जो तो. काल दिवा लावताना मी देवाले म्हटलं, बापा, काहून होऊन राहिलं एवढं तरी दाखव मले." आणि पदराने डोळे पुसत तिने ती काळी बाटली अशी हातात घेतली, जसा कोणी प्रसाद घ्यावा.

तिने दिव्यापुढे जे मागितलं होतं, त्याचं उत्तर रात्रभर माझ्या शालीत उबत होतं, आणि मी त्याच्यावर माझ्या भीतीचं नाव लिहून ठेवलं होतं. देवाने माझी खूण नाकारली नव्हती. त्याने ती पाठवलीच माझ्यासाठी नव्हती. माझ्या मुलीच्या हातून ती तिथे पोचायची होती, आणि मी फक्त ऊब होते.

संध्याकाळी वनिताच आपल्या घरचा पाण्याने भरलेला मोठा गंज घेऊन आली आणि आमच्या चुलीवर तिच्या घरचं आणि आमचं पाणी एकत्र उकळलं. सॅमसन अंकलनी धुराच्या वासाचा पेला उचलला, रिबेकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आण पोरी. अन् प्रार्थना तूच कर." तिने केली, दोनच वाक्यांची. माझं ‘आमेन’ सगळ्यात मोठं निघालं, पोरं हसली.

चूल विझायच्या आधीच मी तिला म्हटलं, "जा."

"खूण मिळाली का?" तिने विचारलं. तिला माझी खोड ठाऊक आहे.

"दोन मिळाल्या," मी म्हटलं, "अन् दोन्ही दुसऱ्याच्या निघाल्या."

आता ती तिकडे आहे. रविवारी चर्चमधून आली की फोन करते, आणि प्रयोगशाळेतल्या न दिसणाऱ्या जिवांबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलते की मला हसू येतं. न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवायला मीच तिला शिकवलं होतं, आणि मीच घाबरले होते. वनिताचं पोर आता अंगणभर पळतं. गोठ्याची नाली म्हाताऱ्यांनी दुसरीकडे वळवली. माझी खोड काही पूर्ण गेली नाही. थंडीत शाल अंगावर घेतली की अजूनही काहीतरी मागावंसं वाटतं. मग मी रिबेकाचीच प्रार्थना उसनी घेते, प्रभू, जे असेल ते नीट दिसू दे, आणि हात सैल सोडते.