दोन तास पुढचं घड्याळ
चूक माझी होती, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना येणाऱ्या आंबूस वासानं ती आजही समोर उभी राहते. आमच्या संस्थेचे दोन सर्व्हर होते, एक परभणीत माझ्याकडे, दुसरा पाथरीच्या कॉलेजात. कोणाचं लॉगिन चालू, कोणाचं बंद, ही यादी दोन्हीकडे असायची. एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे जायचा आणि एकाच नोंदीत दोघांनी बदल केला तर नंतरच्या वेळेचा टिकायचा. त्या सकाळी इन्व्हर्टरची बॅटरी बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करताना मी घाईत त्याचं घड्याळ चुकून दोन तास पुढे लावलं आणि जुनी यादी चढवली. तीत पाथरीच्या एका प्राध्यापकांचं लॉगिन बंद होतं. तासाभरानं तिथल्या क्लार्क बाईंनी ते चालू केलं, पण घड्याळामुळे माझीच नोंद नंतरची ठरली आणि त्यांचा बदल पुसला गेला. त्या लॉगिनवाचून परीक्षेचे फॉर्म अडकले. "बाई, कॉम्प्युटर काय तुमच्यावरच रुसतो का?" मला फोन लावून प्राचार्य तिथे सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले. "सर, माझ्या हातानं चालू केलंय मी, खोटं कशाला बोलू?" बाईंचा आवाज फोनवर मला ऐकू येत होता. तोवर घड्याळाची चूक माझ्या लक्षात आली होती. तरी प्राचार्यांनी विचारल्यावर मी ठामपणे म्हणालो, "विसरल्या असतील." बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला; मी गुपचूप घड्याळ मागे घेतलं. गेल्या महिन्यात त्यांच्या निरोप समारंभाला पाथरीला गेलो, माईक मागून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तुमची नोंद बरोबर होती. ती माझ्यामुळे पुसली गेली, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मला माफ करा."