नऊचं बटण

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारात वांगी निवडत होतो. पिशवी तिथंच ठेवून नालवाडीला धावलो. भरपूर रडलो. ते रडणं आता परत मागून घ्यावंसं वाटतं... गेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

नालवाडीतल्या त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं कापसातला ओलावा मोजायची यंत्रं बनवायचो. पेटी आणि वायरिंग माझं, आतला प्रोग्राम दोघांचा, सी भाषेतला. भांडण कायम एकाच गोष्टीवरून. एका गाडीतून किती नमुने घ्यायचे ते जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, तिथल्या तिथं ठरतं. बैलगाडीचे कमी, ट्रकचे जास्त. माझं म्हणणं, मग आकडे ठेवायची जागाही तेव्हाच घ्यावी, लागेल तेवढी. व्हेरिएबल लेंथ अ‍ॅरेची, ऐनवेळी माप ठरणाऱ्या कप्प्यांची, सोय भाषेतच आहे, वापरायला काय हरकत? प्रमोद ऐकायचा नाही. "पाव्हणे कितीबी येवोत, आंगण वाढते काय? चिपमंदी जागा मूठभर. पाट आधीच मोजून मांड. जास्तीचा आला त दारातच थांबव." शेवटी मी हट्ट सोडला आणि माझे सगळे अ‍ॅरे ठरावीक मापाचे केले. मुद्दा त्याचाच बरोबर होता, हे जास्त लागतं.

मग हिंगणघाटला ऐन हंगामात यंत्र बंद पडलं. वजनकाट्यावरच्या माणसानं 'नमुने किती' या रकान्यात चुकून गाडीचा नंबर टाकला होता. यंत्रानं निमूट तेवढी जागा घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःचीच मेमरी तुडवून गप्प झालं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मालक तापलेला. त्याच्यासमोर, माझ्याकडे न बघता, प्रमोद म्हणाला, "हे दिलीपचं काम व्हय. मी त नाईच म्हणून राह्यलो होतो." मला वाटलं, राहिली असेल आपलीच एखादी जुनी ओळ. "तू राहू दे, मीच पाह्यतो," म्हणाला, आणि दुरुस्तही त्यानंच केलं. त्यानंतर मी प्रोग्रामला हात लावला नाही. हिंमतच गेली. वर्षानुवर्षं फक्त पेट्या बसवत राहिलो. जिनिंगवाले त्याला साहेब म्हणायचे आणि मला बघितलं की हसायचे.

तेरवीची पंगत उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. "भाऊजी, तुमाले एक सांगाचं होतं. हिंगणघाटची चूक ह्यांचीच होती. घाईत ह्यांनीच जागेचं माप न ठरवता लिहिलं होतं. मले तवाच सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "म्हणे, मालकाचा भरोसा उडाला त दुकान जाईन. दिलीप कुठी जाते, तो आपलाच हाय."

आपलाच... परक्याशी असं वागला असता तर निदान माफी तरी मागितली असती.

हिंगणघाटच्या त्या प्रकारानंतर त्याला एक सवय लागली होती. यंत्र पाठवायच्या आधी तो चाचणीच्या कीपॅडवर नऊ दाबत बसायचा, पडदा भरेपर्यंत, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला यंत्र नकार देतं का ते बघायचा. मी समजायचो, हा माझ्या निष्काळजीपणाचा बंदोबस्त चाललाय. "झालं का तुझं नऊ-नऊ?" म्हणून चिडवायचो. तो हसायचा नाही.

आता हंगाम तोंडावर आला आहे. वहिनींनी खोलीची किल्ली माझ्या हाती दिली, प्रोग्राम मलाच लिहायचा आहे. काल त्याच्या खुर्चीवर बसलो. अ‍ॅरेचं माप ठरवून लिहिलं. मग तपासायला कीपॅड पुढं ओढलं. बाकीचे सगळे आकडे अजून ठळक आहेत. नऊचं बटण तेवढं पार कोरं झालंय, दाबून दाबून आकडा पुसून गेलाय. इतक्यांदा दाबलं त्यानं ते... आणि दर वेळी मी शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचो.