मोडण्यासाठी बांधलेली खोली

दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. आमच्या विद्यापीठातल्या संशोधन गटाला तेव्हा एकच ध्यास लागला होता. लाकूड नाही, लोखंड नाही, जागच्या मातीतून आणि थोड्याशा सिमेंटातून खेड्यातलं घर उभं करायचं, छतासकट. गट म्हणजे आम्ही तिघं. सर, पुण्याच्या एक ताई आणि मी. मी चिखलीकडच्या बौद्ध घरातला. धामणगाव बढे गावाजवळच्या एका वस्तीत पहिली खोली बांधायचं ठरलं, तेव्हा लोकांशी बोलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

वस्ती आमच्याच लोकांची होती. विटा पाडायला, माती मळायला बाया-माणसं रोजानं यायची. त्यांतल्या एका विधवा बाईला मी मावशी म्हणू लागलो. तिला माझं फार अप्रूप. "आपला पोरगा इंजिनेर झाला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला ते ऐकायला आवडायचं, आणि ताई जवळ असल्या की थोडी लाजही वाटायची.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की ही खोली राहण्यासाठी नाही. छत किती वजन पेलतं ते पाहायचं, म्हणजे शेवटी ते मोडायचं.

मावशी पदर तोंडाला लावून हसली होती. "मोडासाठी कोनी घर बांधते काय, भाऊ?"

हिवाळाभर काम चाललं. भिंती उठल्या, त्यांवर विटांचं कमानी छत चढलं. आतून बघितलं की एखाद्या पालथ्या होडीखाली उभं राहिल्यासारखं वाटे. छत वाळायला, मुरायला ठेवून आम्ही परत गेलो.

वैशाखात पोत्यांचा आणि मोजणीच्या यंत्रांचा ट्रक घेऊन परत आलो, तर खोलीच्या दाराला गोणपाटाचा पडदा. आत शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, आणि दोरीला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत महिन्याभराचं लेकरू. वावटळीत मावशीच्या झोपडीची टिनं उडाली होती. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली. मग तिला घेऊन मावशी इथं आली होती.

सर दारातच थांबले. वाकून आत पाहिलं आणि चपला घातलेला पाय मागे घेतला.

बाहेर निंबाखाली ताई म्हणाल्या, "सर, यांना राहू द्या. आपण दुसरी बांधू आणि ती मोडू."

सरांनी वळून छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "न तपासलेल्या छताखाली बाळंतीण ठेवू? आज उभं आहे. पहिल्या झडीत काय होईल ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. उद्या खाली आलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं, आणि त्यानं माझं मन जराही हलकं होत नाही.

सांगायला मीच गेलो.

"मावशी, खोली खाली करा लागन."

"काऊन?"

"मोडाची हाय. पयलेच सांगतलं होतं ना तुले."

तिनं लेकराच्या झोळीला हलका झोका दिला. "सांगतलं होतं, हाव. पन तवा ते मातीच होती. आता घर झालं ना, बापा."

भांडली नाही, रडली नाही. मुलीला आपल्या दिराच्या टिनाच्या खोलीत नेऊन ठेवलं, चुलीची राख उचलली. आणि दुसऱ्या सकाळी ती टोपलं घेऊन हजर. पोत्यांत वाळू भरायला बाया लागणारच होत्या. सर म्हणाले, "तुम्ही नका येऊ, बाई. रोजाचे पैसे घरी पाठवतो." ती म्हणाली, "काम न करता कायचा रोज?" आणि भरायला बसली.

माणसं पोती छतावर चढवत होती. ताई मोजणीच्या दुर्बिणीतून छत किती दबतं ते वाचत होत्या. पावसाचं, वाऱ्याचं, वर चढणाऱ्या माणसांचं, सगळं वजन धरून जेवढं पेलायला हवं तेवढं झालं. छताला केसाएवढाही तडा नाही.

"पुरे करू या, सर," ताई म्हणाल्या.

"कुठे मोडतं ते कळायला हवं," सर म्हणाले.

दुपार कलली तेव्हा कमानीच्या मध्यावर एक रेघ उमटली. माणसं खाली उतरली. मग दबका आवाज झाला आणि छत एकदम आत गेलं. सगळी वस्ती पाहायला जमली होती; धूळ त्यांच्या अंगावर आली.

"अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पेललं!" सर माझा खांदा धरून म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर मावशीकडे गेली. ती हातातलं टोपलं तसंच धरून उभी होती. सरांनी हात काढून घेतला.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की मावशीच्या जागेवर तसंच छत असलेली खोली बांधून द्यायची, पावसाळ्याआधी. सुट्टीत कोणीच घरी गेलो नाही. सरांच्या तळहाताला फोड आले, ताईंनी माती तुडवली. मृगाआधी खोली उभी राहिली. पहिलीपेक्षा सुबक.

मावशी आत यायला तयार होईना.

मी तिला समजावलं. त्या छतावर आपण डोंगर रचला होता, तेवढं ओझं घरावर जन्मात येत नाही. ती शांतपणे ऐकत होती.

"हाव, पन पडलंच ना. आमी डोयानं पाह्यलं."

"मावशी, तपासल्यामुळंच आता भरोसा..."

"तुमचा भरोसा. मी त्या पोरीले त्याच्याखाली कशी निजवू?"

ज्या छताखाली ती महिनाभर निर्धास्त निजली होती, त्याची भीती आम्ही तिला दाखवली होती. सगळ्या वस्तीलाच दाखवली होती. त्या वस्तीत पुन्हा तसं छत कोणी मागितलं नाही.

पुढे आमचा अहवाल मान्य झाला. दुसऱ्या जिल्ह्यांत तशी छतं झाली, लोक त्यांखाली सुखानं नांदतात. सरांनी पुढचं प्रत्येक छत विद्यापीठाच्या आवारात, फाटक लावून मोडलं. कौतुक झालं की ते विषय बदलायचे.

काही वर्षांनी उन्हाळ्यातच मी त्या वस्तीवर गेलो. मावशी थकली होती, पण ओळखलं लगेच. "ये, बस ना, बापा." आमच्या खोलीत बकऱ्या होत्या आणि कडबा रचलेला होता. भिंतीला कुठंही तडा नव्हता. शेजारी टेकून तिनं टिनाचं छप्पर घातलं होतं, तिथं आम्ही बसलो. टिन इतकं तापलेलं की चहाचा घोट घेताना कपाळावरून घाम गळत होता. ती मला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. नातू शाळेत जातो, म्हणाली. बाजूच्या आमच्या खोलीत, थंडगार सावलीत बकऱ्या रवंथ करीत बसल्या होत्या. तिकडे जाऊन बसू, असं मला काही म्हणवलं नाही.