घोटभर पाणी

जळगावकडच्या आमच्या केळीच्या गावात पटकी आली, त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई जुलाब-उलट्यांनी आडव्या झाल्या. सारख्या पाणी मागत होत्या. मी पेला भरून नेला, तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. शेजारच्या नानांचं धुळ्याला जाणं-येणं असे. त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं होतं, "पानी दिधं ते जुलाब वाढी. धुयाना मोठा डाक्टरनी सांगेल शे." कोणत्या डॉक्टरनं, हे कुणी विचारलं नाही. सरकारी डॉक्टर मात्र चावडीवर घसा फोडून सांगत होता, पाणी उकळून गार करा आणि पाजत राहा. त्याला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला हसले.

घरामागच्या पाटातून पाणी खळाळत होतं. पाण्याची पाळी चुकली तर केळी माना टाकतात, हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक. त्या दिवशीही ते वेळेवर बागेला पाणी भरायला गेले. आतल्या खोलीत जाऊबाईंना तो आवाज ऐकू येत होता. त्यांचे डोळे खोल गेले, ओठ फुटले. पाणी मिळालं ते अगदी शेवटी, तुळशीच्या पानावरून, गंगेचं, रीतीप्रमाणे.

पुढच्या उन्हाळ्यात घरच्यांनी त्यांच्या नावानं मोटारस्टँडवर पाणपोई घातली. रांजणांना हार घातले आणि पहिला पेला मानानं नानांच्या हाती दिला. ते घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि सासऱ्यांना म्हणाले, "पानी पाजासारखं पुन्य नही, आबा."